धाब्याचे घर ते पक्के घर : माळशिरस परिसरातील घरबांधणी आणि उष्णतानिवारणाचा इतिहास

प्रस्तावना :

मानवी संस्कृतीच्या इतिहासात अन्न आणि वस्त्र यांच्याइतकेच निवाऱ्यास महत्त्व आहे. तथापि मराठी प्रदेशाच्या इतिहासलेखनात किल्ले, मंदिरे, राजवाडे व वाडे यांचा जेवढा विचार झाला, तेवढा सामान्य शेतकऱ्याच्या घराचा झालेला नाही. घराचा विचार झाला तोही प्रामुख्याने शोभा, कोरीवकाम वा जातिव्यवस्थेतील स्थान या अंगांनी झाला. घर उन्हाळ्यात राहण्याजोगे कसे राहत होते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या माळशिरस तालुक्यासारख्या उष्ण, कोरड्या आणि धुळीच्या प्रदेशात हा प्रश्न गौण नाही. वर्षातील किमान तीन महिने तेथे घराचे पहिले काम पावसापासून नव्हे, तर उन्हापासून रक्षण करणे हे असते.

पारंपरिक धाब्याचे, म्हणजेच माळवदाचे घर थंड होते आणि आजचे पत्र्याचे वा स्लॅबचे घर तापते, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. जुन्या घराचा थंडपणा हा केवळ मातीचा गुण नव्हता; तो दरवर्षी केल्या जाणाऱ्या श्रमाचे फळ होता. ज्या श्रमाने घर थंड राहिले, त्याच श्रमाने त्याचे छत वर्षानुवर्षे जड होत गेले. या दुहेरी वस्तुस्थितीचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१) माळशिरस परिसरातील पारंपरिक घराच्या रचनेत उष्णता व धूळ यांच्या निवारणाची व्यवस्था कशी होती, हे पाहणे.
२) ही व्यवस्था कोणत्या सामाजिक व आर्थिक आधारावर उभी होती, याची चिकित्सा करणे.
३) विसाव्या शतकात ती मोडत गेली, त्यामागील कारणांचा शोध घेणे.
४) ‘कच्चे’ व ‘पक्के’ या शासकीय वर्गीकरणाचे परिणाम तपासणे.

निबंधासाठी ऐतिहासिक, वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :

माळशिरस तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते व पुढे नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते. पश्चिमेस फलटण व माण, दक्षिणेस सांगोला आणि पूर्वेस पंढरपूर व माढा हे तालुके आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथील वार्षिक पाऊस साधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो व तोही अनिश्चित असतो. चैत्र-वैशाखात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. भूगोलाच्या परिभाषेत हा प्रदेश वाळवंट नव्हे. तो निमशुष्क पठारी प्रदेश होय. तरीही कोरडी हवा, प्रखर ऊन, उघडे माळ, वावटळी आणि वळवाच्या पावसापूर्वी उठणारे धुळीचे लोट या बाबतींत येथील घरापुढील प्रश्न वाळवंटातील घराच्या प्रश्नाशी मिळताजुळता आहे.

या हवामानाचा एक गुण मात्र घरबांधणीस उपकारक ठरला. कोरड्या हवेमुळे दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. दिवसाची उष्णता बाहेर थोपवून रात्रीचा गारवा आत घेता आला, तर घर सुसह्य होते. येथील पारंपरिक घर याच तत्त्वावर उभे होते.

साधनांचा प्रश्न :

सामान्य घराचा इतिहास लिहिताना साधनांची अडचण जाणवते. वेळापूर येथे अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन मंदिर आणि त्या काळातील शिलालेख उपलब्ध आहेत. परंतु त्या मंदिराभोवती ज्यांची वस्ती होती, त्यांची घरे मातीची होती आणि ती मातीतच मिसळून गेली. मातीच्या घरांविषयीचा प्राचीन पुरावा उत्खननांतूनच मिळतो. भीमेची उपनदी असलेल्या घोड नदीच्या काठी इनामगाव (ता. शिरूर, जि. पुणे) येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तेथे पूर्वीच्या काळात कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंतींची ऐसपैस आयताकृती घरे आढळली, तर उत्तरकाळात लहान गोल झोपड्या आढळल्या. भीमा खोऱ्यातील मनुष्य तीन हजारांहून अधिक वर्षे मातीने लिंपून घर बंद करीत आला आहे, एवढे यावरून निश्चितपणे म्हणता येते.

ब्रिटिश काळात १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालिकेतील सोलापूर जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला. त्यात माळशिरस या पोटविभागाचे स्वतंत्र वर्णन आहे. त्यातील विविध जातींच्या वर्णनांत मातीच्या भिंती व सपाट छते असलेल्या घरांचा, तसेच गवताने शाकारलेल्या झोपड्यांचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून ज्या गावव्यवस्थेत हे घर उभे होते, त्या व्यवस्थेचे ज्ञान होते.

माळवदाची रचना :

माळवदी घर एकावर एक अशा अनेक थरांचे असे. दगडाचे जोते उंच घेतले जाई. त्यावर दगड-मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या, साधारण दोन फूट व काही ठिकाणी त्याहून अधिक जाडीच्या भिंती उभारल्या जात. छताचा भार लाकडी खांबांवर व तुळयांवर असे. दोन तुळयांमधील जागेस ‘खण’ म्हणत आणि घराचे मोजमाप खणांतच सांगितले जाई. तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या वा लाकडाच्या चिपा, त्यांवर तुराट्या, तरवड किंवा निरगुडी यांच्या काटक्यांचा थर आणि त्यावर चिखल येई. सर्वांत वर पांढरी मातीचा थर दाबून बसविला जाई. पाणी वाहून जावे म्हणून किंचित उतार ठेवून कडेला पन्हळी बसवीत.

पांढरी माती ही या रचनेतील सर्वांत महत्त्वाची वस्तू होय. मराठी गावात शेतजमिनीस ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेस ‘पांढरी’ म्हणतात. शेकडो वर्षे माणसे एकाच ठिकाणी राहिल्याने राख, शेण, पडलेल्या भिंती यांचे थर साचून तयार झालेली बारीक, चुनखडीयुक्त माती म्हणजे पांढरी. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. म्हणून ती छतावर निरुपयोगी ठरते. पांढरी मातीस भेगा कमी पडतात व पाऊस पडताच तिचा वरचा थर घट्ट बसून पाणी अडवितो. अशा रीतीने पूर्वजांच्या पडलेल्या घरांची माती नव्या घरांच्या छतावर चढत राहिली. जुन्या वस्त्यांची टेकाडे या मातीसाठी खणली गेल्यामुळे पुरातत्त्वीय अवशेषांची मोठी हानी झाली, हीही या इतिहासाची एक बाजू आहे.

उष्णता व धूळ यांचे निवारण :

उष्णतेपासून रक्षण करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला उष्णतारोधनाचा : उष्णता सहज आरपार जाऊ न देणारा थर मध्ये घालणे. दुसरा उष्णताधारणेचा : जाड व जड वस्तूमध्ये उष्णता मुरण्यास एवढा वेळ लागू देणे, की ती आत पोहोचेपर्यंत बाहेर रात्र झालेली असावी. माळवदी घरात दुसऱ्या मार्गाचा प्रामुख्याने व पहिल्याचा काही अंशी अवलंब दिसतो. दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून दिवसाच्या उष्णतेची लाट आत येण्यास दहा-बारा तास वा त्याहून अधिक काळ लागतो आणि तोवर तिची तीव्रता पुष्कळ कमी झालेली असते. छताच्या काटक्यांच्या थरात कोंडलेली हवा ही रोधनाचे काम करते.

धुळीच्या निवारणासाठी घर हवाबंद करणे आवश्यक होते. बाहेरच्या भिंतींस खिडक्या जवळजवळ नसत. असल्या तरी लहान व उंचावर असत. उजेड चौकातून, तसेच माळवदास ठेवलेल्या सवण्यातून येई. दुपारी चौकाकडील कवाडे लोटून घेतली की माजघर अंधारे व गार राही. उंच उंबरठ्यामुळे जमिनीलगत सरपटत येणारी धूळ अडे. भिंत व छत यांच्या सांध्यात फट राहत नसे. कारण छताची मातीच भिंतीच्या माथ्यावर येऊन मिळे. जमीन व भिंती शेणामातीने सारवल्यामुळे बारीक भेगा बुजत आणि आतील धूळही बसून राही. रात्री कवाडे, सवणे व चौक उघडे ठेवून गार हवा आत घेतली जाई. कुटुंबातील माणसे उन्हाळ्यात माळवदावर झोपत. धान्य, सांडगे, कुरडया वाळविण्याची जागाही तीच असे. त्यामुळे माळवद हे घराचे छत असूनही घरातील एक खोलीच होती.

या व्यवस्थेची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. उष्णता व धूळ बाहेर ठेवणाऱ्या घरात चुलीचा धूर आतच राही. सवणे धुरास वाट देण्यासाठीही असे. परंतु ते पुरेसे नव्हते. अंधार व कोंदटपणा यांचा त्रास दिवसभर घरात राबणाऱ्या स्त्रियांस अधिक होई. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा प्रादुर्भाव झाला व नंतर तो इलाखाभर पसरला. त्या वेळी अंधारी व हवेशीर नसलेली घरे ही रोगाची ठाणी होत, अशी सरकारी आरोग्ययंत्रणेची धारणा दृढ झाली आणि उजेडासाठी घरांची छते उघडण्याचेही प्रकार झाले. बंद घराविषयीचा आधुनिक अविश्वास या काळापासून वाढीस लागला, असे म्हणता येईल.

श्रमाचा आधार :

माळवदी घर एकदा बांधून संपत नसे. दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी माळवदावरील गवत खुरपणे, उंदरांची बिळे व भेगा बुजविणे, नवी पांढरी माती पसरून धोपटणे, पन्हळी साफ करणे ही कामे करावी लागत. पावसाळ्यात गळती लागली की भर पावसात छतावर चढून माती टाकावी लागे. भिंतींचे लिंपण व जमिनीचे सारवण हे तर आठवड्या-पंधरवड्याचे काम होते आणि ते सर्वस्वी स्त्रियांकडे होते. लाकूडकाम सुताराकडे, खिळे व कड्या-कोयंडे लोहाराकडे, दगडकाम वडाराकडे असे. गोठ्यातील शेण, शेतातील तुराट्या, गावची पांढरी व बलुतेदारांची सेवा या सर्व गोष्टी रोख पैशाविना उपलब्ध होत, म्हणून हे घर स्वस्त वाटे. प्रत्यक्षात त्याचा खर्च घरातील व गावातील श्रमाच्या रूपाने दरवर्षी भरला जात होता. रोखीने मोजला न गेल्यामुळे तो हिशेबात आला नाही, एवढेच.

हा श्रम थांबला की घर टिकत नसे. दुष्काळात कुटुंब गाव सोडून गेले आणि दोन-तीन पावसाळे माळवदाची निगा राहिली नाही, तर पाणी मुरून तुळया कुजत व छत खाली येई. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाची झळ सोलापूर जिल्ह्यास मोठ्या प्रमाणावर बसली होती. अशा प्रदेशात घराची पडझड व दुष्काळातील स्थलांतर यांचा संबंध निकटचा होता, असे अनुमान करता येते.

गारवा सर्वांस समान नव्हता :

माळवदाच्या गारव्याचे वर्णन करताना तो सर्वांच्या वाट्यास येत होता, असा समज होऊ नये. जाड भिंत घालण्यास जागा लागते, तुळईस सागवान वा चांगल्या बाभळीचे लाकूड लागते आणि हा जिल्हा वनसंपत्तीच्या बाबतीत पूर्वापार दरिद्री आहे. देशमुख-पाटलांच्या चौसोपी वाड्यात घडीव दगडाचे जोते, जाड भिंती व अनेक खणांचे माळवद असे. मध्यम शेतकऱ्याकडे दोन-चार खणांचे घर असे. गावकुसाबाहेरील वस्त्यांत व भूमिहीनांच्या घरांत मात्र कुडाच्या भिंती व गवत-पाचटाचे छप्पर यांवरच भागवावे लागे. धनगर व भटक्या समाजांचा मोठा काळ उघड्यावर वा पालात जाई. म्हणजेच उन्हापासून मिळणारे संरक्षणही गावगाड्यातील स्थानानुसार वाटले गेले होते. नव्या घराकडे गावकुसाबाहेरील माणसाने आशेने पाहिले, त्याचे कारण येथे आहे. त्याने गार माळवद सोडून पत्रा स्वीकारला नाही. त्याने गळके छप्पर सोडून पत्रा स्वीकारला.

विसाव्या शतकातील स्थित्यंतर :

नीरा नदीच्या खोऱ्यात भाटघर येथे बांधलेले लॉईड धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरसच्या माळरानावर आले. १९३० च्या दशकात सासवडकडील माळी बागायतदारांनी उभारलेल्या साखर कारखान्याभोवती माळीनगर वसले. पुढे अकलूज परिसरात सहकारी साखर कारखानदारी रुजली. कालव्याने तालुक्याचे दोन भाग केले : उत्तरेकडील बागायती व दक्षिण-पश्चिमेकडील जिरायती. बागायती भागात हाती रोख पैसा आला व भाजक्या विटा, सिमेंट, लोखंड यांचे घर हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. त्याच उसाच्या फडात ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या. एकाच शिवारात बंगला व कोपी असे दृश्य निर्माण झाले.

जिरायती भागात बदलाची कारणे निराळी होती. १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर सरकारी कामे निघाली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. उन्हाळा हाच माळवद दुरुस्तीचा हंगाम व उन्हाळा हाच रोजगार हमीच्या कामांचा हंगाम होता. खडी फोडण्यास गेलेल्या स्त्री-पुरुषांस माळवद धोपटण्यास वेळ उरणे कठीण होते. बलुतेदारीचा ऱ्हास, जनावरांची घटती संख्या, एकत्र कुटुंबांची विभागणी आणि लाकडाची टंचाई यांची त्यात भर पडली. पत्र्यास दरवर्षी माती लागत नाही, सारवण लागत नाही, तो एका दिवसात बसतो व घर सोडताना काढून नेता येतो. दुष्काळी भागातील फिरत्या कुटुंबाच्या दृष्टीने हे गुण अल्प नव्हते.

तथापि उष्णतेच्या दृष्टीने हा बदल विपरीत ठरला. एक मिलिमीटरहूनही पातळ असलेला पत्रा उष्णतेस क्षणाचाही विलंब लावत नाही. भर दुपारी गंजका पत्रा ६० अंशांच्या पुढे तापतो आणि खालील माणसावर उष्णतेचा मारा करतो. पत्रा व भिंत यांमधील फटींतून धूळ मुक्तपणे आत येते. पत्र्यावर झोपता येत नाही, म्हणजे उन्हाळ्यातील रात्रीची हक्काची जागाही गेली. चार-पाच इंची काँक्रीट स्लॅबची स्थिती थोडी वेगळी आहे. त्यातून उष्णता तीन-चार तासांनी आत येते. त्यामुळे दुपारचे ऊन संध्याकाळी, नेमके माणसे घरी परतण्याच्या वेळी, खोलीत उतरते.

किल्लारीचा धडा :

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. अधिकृत आकड्यांनुसार सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती व लाकूड-मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हे या जीवितहानीचे प्रमुख कारण ठरले. भूकंपग्रस्त भागातील माळवदांवरील मातीचा थर ३० ते ८० सेंटिमीटर एवढा आढळून आला होता.

हा थर एका वर्षी घातला गेलेला नव्हता. दरवर्षी गळती थांबविण्यासाठी नवी माती पडे. जुनी काढली जात नसे. जाडी वाढेल तसा गारवाही वाढे. अर्धा मीटर मातीचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ८०० किलो भरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर हा भार जवळजवळ साडेसात टन होतो. उन्हापासून वाचविणारी निगा हीच भूकंपात घातक ठरली. मातीच्या घरांविषयी केवळ स्मरणरंजन करणाऱ्या लेखनात ही बाब क्वचितच नोंदविली जाते. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम या मरुभूमीतील प्राचीन मातीच्या शहरात भूकंप होऊन २५ हजारांहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही हेच दिसून आले. गारव्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जड मातीच्या वास्तू भूकंपात फार दुर्बल ठरल्या.

किल्लारीनंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले. त्याखेरीज सोलापूर जिल्ह्यासह अनेक जिल्ह्यांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांचा कार्यक्रम राबविण्यात आला. छतावरील मातीची जाडी कमी करणे, भिंतींच्या दोन अंगांस जोडणारे दगड वा सांधे घालणे, तुळया-खांबांचे जोड पक्के करणे असे उपाय तंत्रज्ञांनी सुचविले. परंतु ज्यांनी माणसे गमावली, त्यांचा व शेजारच्या जिल्ह्यांतील ज्यांनी ती वार्ता ऐकली, त्यांचा माळवदावरील विश्वासच उडाला होता. माळशिरससारख्या, भूकंपकेंद्रापासून दूर असलेल्या तालुक्यातही माळवदाकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर पूर्वीसारखी राहणे शक्य नव्हते.

‘कच्चे’ व ‘पक्के’ :

या स्थित्यंतरास शासकीय परिभाषेने निश्चित दिशा दिली. जनगणना व गृहनिर्माण योजनांत घराचे वर्गीकरण भिंती व छत यांच्या साहित्यावरून होते. मातीचे ते कच्चे व विटा-सिमेंटचे ते पक्के. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ मध्ये तिची जागा घेणारी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांचे उद्दिष्ट प्रत्येकास पक्के घर मिळावे हे होते. नव्या योजनेत किमान २५ चौरस मीटर क्षेत्र व सपाट प्रदेशासाठी आरंभी १ लाख २० हजार रुपये साहाय्य ठरविण्यात आले. बेघरांस व गळक्या छपराखाली राहणाऱ्यांस या योजनांनी दिलेला आधार निर्विवाद आहे.

परंतु या वर्गीकरणात टिकाऊपणा मोजला गेला. उष्णता मोजली गेली नाही. दोन फूट भिंतीचे, निगा राखलेले माळवद आणि गवताची झोपडी ही दोन्ही एकाच कच्च्या रकान्यात गेली. भर उन्हात भट्टीसारखी तापणारी खोली मात्र पक्क्या रकान्यात आली.

निवासी इमारतींसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली. छतातून उष्णता आत येण्याच्या प्रमाणास प्रति चौरस मीटर प्रति अंश १.२ वॉट ही मर्यादा तिने घातली. उघड्या काँक्रीट स्लॅबचे हे प्रमाण साधारणतः ३ ते ४ असते. अर्धा मीटर कोरड्या मातीच्या माळवदाचे प्रमाण ढोबळ हिशेबाने १.२ च्या आसपासच येते. म्हणजे एकविसाव्या शतकातील संहितेने घालून दिलेली मर्यादा गावच्या पांढरीने पूर्वीच गाठली होती. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी करण्यात आली. घरकुलाच्या पंचवीस चौरस मीटरांपर्यंत ती पोहोचत नाही.

वर्तमान संदर्भ :

इतिहासाचा उपयोग जुने जसेच्या तसे परत आणण्यासाठी नसतो. इजिप्तमधील वास्तुरचनाकार हसन फथी यांनी १९४५ नंतर न्यू गुर्ना येथे मातीच्या विटांचे गाव उभारले; परंतु ज्यांच्यासाठी ते उभारले, त्यांपैकी बहुतेकांनी तेथे जाण्याचे नाकारले. माळशिरसच्या शेतकऱ्यास पुन्हा माळवद बांधण्याचा सल्ला देणे हेही तसेच होईल. कारण माळवदास लागणारा श्रम, लाकूड व शेण आता नाही आणि त्याचे ओझे विसरता येत नाही.

जुन्या घराची तत्त्वे मात्र हलक्या साधनांनी साधता येतात. पाच सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे एक किलो असते आणि केवळ रोधनाचा विचार केला, तर तो अर्धा मीटर मातीहून सरस ठरतो. तो महाग व ज्वालाग्राही असल्याने उघडा ठेवणे योग्य नसते. पत्र्यावर वा स्लॅबवर पांढरा चुना वा परावर्तक रंग देणे हा सर्वांत स्वल्प खर्चाचा उपाय होय. अहमदाबाद शहरात २०१३ पासून राबविलेल्या उष्णता कृती आराखड्याच्या पुढील टप्प्यांत झोपडपट्ट्यांतील छते अशा रीतीने पांढरी करण्यात आली. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये गार छतांचे धोरण स्वीकारले. दुष्काळी पट्ट्यात पत्र्यावर कडबा वा पाचट पसरण्याची रीतही रोधनाचीच आहे. आगीचा धोका हा तिचा दोष होय.

पत्रा व भिंत यांमधील फटी बुजविणे, दारांस उंबरठा ठेवणे, दुपारी खिडक्या झाकून रात्री उघडणे यांस फारसा खर्च येत नाही. मात्र फटी बुजविण्यापूर्वी चुलीच्या धुराची वाट लावली पाहिजे. जुन्या माजघरातील स्त्रीने सोसलेला धूर नव्या घरात पुन्हा कोंडला जाता कामा नये. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची जोडणी गावोगाव पोहोचली. जेथे स्वयंपाक खरोखरच गॅसवर होतो, तेथे घर बंद करणे अधिक निर्धोक झाले आहे.

निष्कर्ष :

१) माळशिरस परिसरातील माळवदी घर हे उष्ण, कोरड्या व धुळीच्या हवामानास अनुरूप होते. जाडी, हवाबंद सांधे व रात्रीचे वायुवीजन ही त्याची तीन तत्त्वे होती.
२) त्याचा गारवा केवळ साहित्यातून येत नव्हता, तो वार्षिक निगेतून, विशेषतः स्त्रियांच्या व बलुतेदारांच्या श्रमातून टिकत होता.
३) हा गारवा गावातील सर्व थरांस समान उपलब्ध नव्हता.
४) माळवदाच्या वाढत्या जाडीने उष्णतेपासून रक्षण केले, तथापि त्याच जाडीने भूकंपातील धोका वाढविला. १९९३ च्या भूकंपाने हे विदारकपणे सिद्ध केले.
५) ‘पक्के’ घर या संज्ञेत टिकाऊपणाचा समावेश झाला, परंतु उष्णतेचा झाला नाही. परिणामी निगा राखण्याचे कष्ट संपले, मात्र उष्णता सोसण्याचे कष्ट वाढले. ते दिवसभर घरात असणाऱ्या स्त्रिया, वृद्ध व बालके यांच्या वाट्यास अधिक आले.
६) घरकुलाच्या मंजुरीत छताच्या रोधनासाठी स्वतंत्र तरतूद होणे, हा या इतिहासातून निघणारा साधा व व्यवहार्य बोध होय.

जे घर भूकंपात पडत नाही व पावसात गळत नाही, परंतु वैशाखाच्या दुपारी ज्यात तान्हे मूल निजू शकत नाही, त्यास पक्के म्हणावे काय, याचा विचार गृहनिर्माणाची धोरणे ठरविणाऱ्यांनी करणे आवश्यक आहे.